शिकारीचा बाण आणि त्याची पारख : इशी व सॅक्स्टन पोप यांच्या सहवासाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

धनुर्विद्येच्या इतिहासात धनुष्याला जेवढे महत्त्व मिळाले, तेवढे बाणाला मिळालेले नाही. धनुष्य वीराच्या नावाशी जोडले जाते, त्याला स्वतंत्र नाव दिले जाते, ते पिढ्यान्पिढ्या जपले जाते. बाण मात्र सोडून देण्यासाठीच असतो, म्हणून तो इतिहासातूनही सुटून जातो. प्रत्यक्षात ज्यांचे जगणे शिकारीवर अवलंबून होते, त्यांचा अनुभव याच्या उलट आहे. साधारण धनुष्याने चांगला बाण सोडला तर शिकार साधू शकते. उत्तम धनुष्याने वाकडा बाण सोडला तर ती साधत नाही. बाणाची पारख म्हणजे लाकूड, पीस, दगड किंवा धातू, प्राण्याची शरीररचना आणि स्वतःच्या बाहूंची ताकद या सर्वांविषयीचा एकत्रित निर्णय होय.

हा निर्णय कसा घेतला जात असे, याची लिखित साधने फार थोडी आहेत. जे बाण करीत ते लिहीत नसत आणि जे लिहीत त्यांनी सहसा बाण केलेला नसे. या नियमाला एक ठळक अपवाद विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात आढळतो. याही जमातीचा अखेरचा ज्ञात मनुष्य इशी आणि सॅन फ्रान्सिस्को येथील शल्यचिकित्सक डॉ. सॅक्स्टन पोप यांचा १९१२ ते १९१६ हा सुमारे चार वर्षांचा सहवास हा तो अपवाद होय. या सहवासातून शिकारीच्या बाणाविषयीचे एका समाजाचे ज्ञान लेखनबद्ध झाले आणि पुढे अमेरिकेतील आधुनिक धनुर्मृगयेचा पायाही त्यातूनच घातला गेला.

प्रस्तुत निबंधात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. इशी चांगला बाण कशाला म्हणत होता? पोप यांनी ते निकष कितपत स्वीकारले आणि कोठे बदलले? आणि ज्या समाजाकडून हे ज्ञान आले तो समाजच नष्ट झालेला असताना या नोंदींकडे इतिहासाच्या अभ्यासकाने कोणत्या दृष्टीने पाहावे? भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्यांच्या शिकारीस प्रतिबंध आहे. त्यामुळे आपल्या दृष्टीने हा विषय आचरणाचा नसून ज्ञानाच्या इतिहासाचा आहे, हे आरंभीच स्पष्ट करणे योग्य ठरेल.

१. बाणाच्या गुणवत्तेचे जुने निकष

बाणाच्या वर्गीकरणाचा विचार भारतीय परंपरेत प्राचीन काळापासून झालेला आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात आयुधागाराध्यक्षाची कर्तव्ये सांगताना बाणांसाठी वेणू म्हणजे बांबू, शर म्हणजे बोरू आदी द्रव्यांचा आणि धातूच्या नाराच बाणाचा उल्लेख येतो. त्याच ठिकाणी बाणाची टोके लोखंड, हाड किंवा लाकूड यांची असावीत आणि ती छेदणे, भेदणे व ताडणे अशा कामांसाठी असावीत, असे सांगितले आहे. ही विभागणी महत्त्वाची आहे. छेदणारे टोक कापते, भेदणारे टोक आरपार घुसते आणि ताडणारे टोक आघात करते. कोणत्या कामासाठी कोणते टोक, हा प्रश्न जगातील प्रत्येक धनुर्धर समाजाला सोडवावा लागला आहे. त्यामुळे हे तीन शब्द पुढील विवेचनातही उपयोगी पडतात.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न राज्यव्यवस्थेचा बनला होता. १४०६ मधील एका कायद्याने बाणांची पाती नीट तापवून, टोकाशी पोलादाने कठीण केलेली असावीत आणि त्यांवर कारागिराची खूण असावी, असे बंधन घातले. दोषी माल कोणाचा, हे ओळखता यावे हा त्यामागील हेतू उघड आहे. पुढे १४१६ मध्ये ॲस्पेन वृक्षाचे लाकूड खडावांसाठी वापरण्यास बंदी करण्यात आली, कारण ते बाणांसाठी हवे होते. १५४५ मध्ये रॉजर ॲस्कम याने ‘टॉक्सोफिलस’ हा इंग्रजीतील धनुर्विद्येवरील पहिला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात बाणाच्या दांडीसाठी त्याने पंधरा प्रकारच्या लाकडांची नावे दिली असून युद्धाच्या बाणांसाठी ॲश या वृक्षाला पसंती दिली आहे. पिसांच्या बाबतीत त्याने हंसवर्गातील पाळीव गूज पक्ष्याच्या पिसांना अग्रक्रम दिला.

योगायोग असा की त्याच १५४५ साली ‘मेरी रोझ’ हे इंग्लंडचे युद्धनौका जहाज बुडाले. १९८२ मध्ये ते वर काढले गेले. या अवशेषांत सुमारे साडेतीन हजार बाण मिळाले आणि त्यांतील बहुसंख्य बाण पॉप्लर जातीच्या हलक्या लाकडाचे होते. म्हणजे ग्रंथकाराने ज्याला उत्तम म्हटले ते आणि प्रत्यक्षात भात्यात असलेले, यांत अंतर होते. ग्रंथोक्त निकष आणि हातातली वस्तू ही दोन साधने एकमेकांशी ताडून पाहिल्याखेरीज बाणाचा इतिहास लिहिता येत नाही, हा धडा येथे मिळतो. इशीच्या बाबतीत ही दोन्ही साधने उपलब्ध आहेत, हे त्याच्या अभ्यासाचे वैशिष्ट्य आहे.

२. इशी : ऐतिहासिक पार्श्वभूमी

उत्तर कॅलिफोर्नियातील लासेन पर्वताच्या पायथ्याशी मिल क्रीक व डियर क्रीक या नाल्यांच्या खोऱ्यांत याही लोक राहत. याना या भाषिक समूहाची ती दक्षिणेकडील शाखा होती. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि त्यानंतर वसाहतवाद्यांचे लोंढे या प्रदेशात आले. पशुपालक व स्थायिक गोऱ्यांनी १८६० च्या दशकात याही लोकांच्या सशस्त्र कत्तली केल्या. जे थोडे लोक वाचले ते दऱ्याखोऱ्यांत लपून राहू लागले. या काळात बंदुकीचा आवाज म्हणजे मृत्यूला निमंत्रण होते. आवाज न करणारा बाण त्यांच्या अज्ञातवासास साहाय्यभूत ठरला असला पाहिजे, असे अनुमान करता येते.

१९०८ च्या नोव्हेंबरमध्ये भूमापकांची एक तुकडी डियर क्रीकच्या खोऱ्यात शिरली. त्या वेळी तेथे चारच माणसे उरली होती. तुकडीतील लोकांनी त्यांच्या झोपड्यांतील वस्तू, हत्यारांसह, आठवण म्हणून उचलून नेल्या. हिवाळ्याच्या तोंडावर शिकारीची साधने जाणे म्हणजे काय, याची कल्पना त्या उचलणाऱ्यांना नसावी. २९ ऑगस्ट १९११ रोजी ओरोव्हिल या गावाजवळच्या कत्तलखान्यापाशी भुकेने व्याकुळ झालेला एक मध्यमवयीन पुरुष सापडला. तो एकटाच उरला होता. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर आणि थॉमस वॉटरमन यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या संग्रहालयात आणले. स्वतःचे नाव स्वतः उच्चारणे त्याच्या रीतीत बसत नव्हते आणि ते सांगणारे दुसरे कोणी उरले नव्हते. म्हणून क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हटले. याना भाषेत या शब्दाचा अर्थ ‘माणूस’ एवढाच आहे.

संग्रहालयाशेजारीच विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय होते. तेथे शल्यचिकित्सा शिकवणारे डॉ. पोप (१८७५-१९२६) १९१२ मध्ये इशीच्या संपर्कात आले. आरंभी वैद्य आणि रुग्ण असे असलेले नाते लवकरच शिष्य आणि गुरू असे झाले. धनुष्य करणे, बाण करणे, सावजाच्या जवळ जाणे या सर्व गोष्टी पोप इशीकडून शिकले. या अनुभवावर आधारित ‘याही आर्चरी’ हा त्यांचा प्रबंध १९१८ मध्ये विद्यापीठाने प्रसिद्ध केला. ‘हंटिंग विथ द बो अँड ॲरो’ हा त्यांचा ग्रंथ १९२३ चा आहे.

३. इशीची निवड : दांडी, पिसे आणि फाळ

पोप यांच्या नोंदींवरून इशीच्या निवडीची पद्धत टप्प्याटप्प्याने मांडता येते. पहिला टप्पा लाकडाचा. बाणाच्या दांडीसाठी त्याची पहिली पसंती विच हेझल या झुडपाच्या सरळ वाढलेल्या कोंबांना असे. डॉगवूडसारखी अन्य लाकडेही त्याला चालत. येथे एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. युरोपीय परंपरेत पुष्कळदा मोठ्या झाडाच्या फळ्यांतून दांड्या कापून त्या तासत. इशी मुळातच बाणाच्या जाडीच्या जवळपास असलेला कोंब निवडत असे. अशा कोंबात लाकडाचे तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात. दांडी मोडते ती बहुधा तंतू तिरका कापला गेलेल्या जागी. म्हणजे इशीची गुणवत्तेची परीक्षा झाड उभे असतानाच सुरू होत असे.

दुसरा टप्पा वाळवण्याचा. एका वेळी बऱ्याच काठ्या तोडून, साल काढून, त्या एकत्र बांधून सावलीत ठेवल्या जात. घाई असल्यास थोड्या दिवसांत काम भागवता येई, परंतु काही महिने वाळवलेली काठी तो चांगली समजे. तिसरा टप्पा सरळ करण्याचा. काठी निखाऱ्यांवर शेकून, जेथे बाक असेल तेथे हाताने दाबून आणि नजरेच्या रेषेत धरून पाहत ती सरळ केली जाई. त्यानंतर खाच पाडलेल्या दोन खरबरीत वालुकाश्मांमध्ये ती फिरवून गुळगुळीत केली जाई. तयार दांडीचा व्यास सुमारे ५/१६ इंच आणि मुख्य दांडीची लांबी सुमारे २६ इंच असे.

चौथा टप्पा अग्रदंडाचा. शिकारीच्या चांगल्या बाणांत इशी मुख्य दांडीच्या पुढच्या टोकाला भोक पाडून त्यात अधिक जड व कठीण लाकडाचा आखूड तुकडा बसवत असे. हा सांधा चिकट द्रव्याने व प्राण्यांच्या स्नायुतंतूंनी घट्ट केला जाई. यामुळे बाणाचे वजन पुढच्या बाजूला सरकते आणि आघात सहन करणारा भाग भक्कम होतो. हलकी दांडी आणि जड अग्रभाग यांचा हा मेळ आजही शिकारीच्या बाणाचा विचार करताना महत्त्वाचा मानला जातो.

पाचवा टप्पा पिसांचा. गरुडाची पिसे त्याला सर्वाधिक प्रिय होती, पण गिधाडवर्गीय पक्षी, ससाणा यांचीही पिसे तो वापरी. घुबडाच्या पिसांनी दुर्दैव ओढवते, अशी समजूत असल्याने ती टाळली जात. तीन पिसे स्नायुतंतूंनी दांडीला बांधली जात. पीस हे बाणाचे सुकाणू होय. मागील भागाला हवेचा विरोध मिळाल्यामुळे टोक पुढे राहते आणि उड्डाण स्थिर होते.

अखेरचा टप्पा फाळाचा. फाळासाठी ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीतून निर्माण झालेली नैसर्गिक काच इशी वापरत असे. तळहातावर कातडे घेऊन, पूर्वी हरणाच्या शिंगाच्या आणि नंतर मऊ लोखंडाच्या टोकदार साधनाने कडांवर दाब देत तो कपचे काढी. साधारण अर्ध्या तासात एक फाळ तयार होई. उडालेली बारीक कपची डोळ्यात गेल्यास खालची पापणी ओढून धरून, डोके खाली करून तो डोक्यावर थापट्या मारी आणि कपची पडली की पुन्हा कामाला लागे. वैद्य असलेल्या पोप यांनी ही गोष्ट आवर्जून नोंदवली आहे. रविवारी संग्रहालयात येणाऱ्या लोकांसमोर तो हे काम करून दाखवी. पाहणाऱ्यांना तो एक खेळ वाटत असावा. करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र फाळाची कड ही शिकार आणि उपवास यांच्यातील सीमारेषा होती.

४. पोप यांचे बाण आणि प्रयोग

पोप यांनी इशीचे अनुकरण केले नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. इशीचे धनुष्य साधारण ४० ते ४५ पौंड ओढीचे होते. पोप व त्यांचे सहकारी आर्थर यंग इंग्लिश पद्धतीची लांब व भारी धनुष्ये करू लागले. ती ७५ पौंडांच्या आसपासची असत. धनुष्य बदलले की बाण बदलावाच लागतो. हलक्या धनुष्याचा बारीक बाण भारी धनुष्यातून सोडला तर तो वाजवीपेक्षा जास्त वाकतो आणि भरकटतो. म्हणून पोप यांनी शिकारीसाठी ३/८ इंच व्यासाच्या बर्च लाकडाच्या गोल काठ्या घेतल्या, टर्की पक्ष्याची पिसे लावली आणि पोलादी पात्याचे रुंद फाळ बसवले. लाकडाचे तंतू पाहणे, नजरेने बाक तपासणे आणि उष्णता देऊन तो काढणे या कृती मात्र त्यांच्याकडेही कायम राहिल्या. साहित्य बदलले, परीक्षा तीच राहिली, असे म्हणता येईल.

पोप यांचे खरे वैशिष्ट्य त्यांच्या प्रयोगशीलतेत आहे. शल्यचिकित्सक असल्याने जखम कशी होते, हा प्रश्न त्यांना व्यवसायानेच परिचित होता. दगडी फाळ चांगला की पोलादी, हे ठरवण्यासाठी त्यांनी एक लाकडी खोके घेतले, त्याच्या दोन समोरासमोरच्या बाजू काढून तेथे हरणाचे केसांसहित कातडे ताणले आणि आत गाईचे यकृत भरले. सारख्याच अंतरावरून सोडलेल्या बाणांपैकी पोलादी फाळाचा बाण २२ इंच आत गेला, तर ऑब्सिडियनच्या फाळाचा ३० इंच. आठ इंचांचा हा फरक लहान नाही. ज्याला मागासलेले हत्यार मानले जात होते, ते कापण्याच्या बाबतीत सरस ठरले. ऑब्सिडियनची फुटलेली कड अत्यंत सूक्ष्म धारेची आणि नागमोडी असते, त्यामुळे ती ऊतींना दाबून बाजूला न सारता कापत जाते.

दुसरा प्रयोग भेदनाचा होता. संग्रहालयातील सुमारे २५ पौंड वजनाचे एक जुने कडीदार चिलखत पोप यांनी परीक्षेसाठी घेतले. तेथील एका कर्मचाऱ्याने उत्साहाने ते अंगावर चढवून आपल्यावर बाण सोडावा, असा आग्रह धरला. पोप यांनी सुदैवाने नकार दिला आणि चिलखत लाकडी खोक्यावर चढवले. ७५ पौंडांच्या धनुष्यातून, सात यार्डांवरून, अणकुचीदार पोलादी टोकाचा बाण सुटला. ठिणग्या उडाल्या आणि बाण चिलखत व खोके भेदून पलीकडच्या बाजूपर्यंत पोचला.

दोन्ही प्रयोग एकत्र ठेवले म्हणजे कौटिल्याने सांगितलेली विभागणी पुन्हा समोर येते. चिलखतावर भेदणारे अरुंद टोक हवे, तर हरणासारख्या प्राण्यावर छेदणारे रुंद पाते हवे. बंदुकीची गोळी धक्क्याने मारते. शिकारीचा बाण रक्तस्रावाने मारतो. म्हणून शिकारीच्या बाणात धार हा सौंदर्याचा नव्हे तर दयेचा प्रश्न ठरतो. बोथट पात्याचा बाण प्राण्याला मारत नाही, जखमी करतो. तो प्राणी दूर जाऊन दीर्घकाळ वेदना भोगतो आणि शिकाऱ्याच्याही हाती लागत नाही. इशी थोड्या यार्डांच्या अंतरापर्यंत सावजाजवळ गेल्याशिवाय बाण सोडत नसे, ही नोंद याच संदर्भात वाचली पाहिजे. चांगला बाण आणि संयम हे त्याच्या दृष्टीने एकाच गुणाचे दोन भाग होते.

५. फाळ : एक ऐतिहासिक पुरावा

इशीचे फाळ केवळ ऑब्सिडियनचे नव्हते. बाटल्यांची व खिडक्यांची काचही तो तितक्याच कौशल्याने वापरत असे. काच एकजिनसी असते, रंगीत मिळते आणि सहज फुटते. कारागिराच्या दृष्टीने ही शहाणपणाची निवड होती. इतिहासाच्या दृष्टीने मात्र बाटलीच्या काचेचा बाणफाळ हा वसाहतवादाचा एक मूक दस्तऐवज आहे. ज्यांनी त्याच्या लोकांना भूमीवरून हाकलले, त्यांच्याच टाकाऊ वस्तूंतून त्याला आपली परंपरा चालू ठेवावी लागली. ‘शुद्ध आदिम’ हत्यार शोधणाऱ्या संग्राहकाला असा फाळ भेसळीचा वाटेल. इतिहासकाराला तो अधिक बोलका वाटला पाहिजे.

फाळाच्या आकाराने आणखी एक गोष्ट उघड केली. पुरातत्त्वज्ञ स्टीव्हन शॅक्ली यांनी १९९० च्या दशकात इशीने केलेल्या फाळांची तुलना याही वस्तीस्थानांत सापडलेल्या फाळांशी केली. तेव्हा इशीचे फाळ शेजारच्या विन्टू किंवा नोमलाकी लोकांच्या फाळांशी अधिक जुळतात, असे त्यांना दिसून आले. इशी मिश्र वंशाचा असावा किंवा त्याने ही कला शेजारच्या समूहातील एखाद्या पुरुष नातलगाकडून शिकली असावी, असा तर्क त्यावरून मांडला गेला. हा तर्क महत्त्वाचा आहे. इशीला ‘अखेरचा याही’ म्हणताना त्याचे सर्व ज्ञान एकाच बंदिस्त परंपरेतून आले, असे गृहीत धरले गेले होते. कत्तलींनंतर विखुरलेल्या समूहांतील माणसे एकत्र आली असतील, सोयरिकी झाल्या असतील आणि त्यांबरोबर हातांची सवयही एका घरातून दुसऱ्या घरात गेली असेल. मनुष्य स्वतःबद्दल जे बोलला नाही ते त्याच्या हातच्या फाळाने सुचवले.

६. अनुभवाकडून मापनाकडे

पोप व यंग यांनी १९२० मध्ये यलोस्टोन प्रदेशात बाणांनी ग्रिझली अस्वलांची शिकार केली. पोप यांच्या ग्रंथाने धनुर्मृगयेविषयी अमेरिकेत कुतूहल निर्माण केले. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने केवळ धनुर्धरांसाठी हरणाच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम प्रथम जाहीर केला. याच दशकात बाणाच्या पारखीत शास्त्राचा प्रवेश झाला. क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान छायाचित्रणाच्या साहाय्याने दाखवून दिले की सुटलेला बाण प्रथम वाकतो, धनुष्याला वळसा घालून निघतो आणि पुढे काही अंतर थरथरत जातो. सुरुवातीस लक्ष्याच्या बाजूला रोखलेला बाण लक्ष्यावर कसा पोचतो, या जुन्या कोड्याचा उलगडा त्यातून झाला. बाणाचा ताठरपणा धनुष्याच्या ताकदीशी जुळलेला असला पाहिजे, हे तत्त्व आता मोजता येऊ लागले. हिकमन, नॅगलर व क्लॉपस्टेग यांचे या विषयावरील संशोधन १९४७ मध्ये ग्रंथरूपाने एकत्र आले.

मापन आले तसे साहित्यही बदलले. जेम्स ईस्टन यांनी १९३९ च्या सुमारास ॲल्युमिनियमचे बाण तयार केले आणि १९४१ मध्ये अशा बाणांनी राष्ट्रीय स्पर्धा जिंकली गेली. १९८० च्या दशकात कार्बन तंतूंचे बाण आले. लाकडाच्या प्रत्येक काठीचा स्वभाव वेगळा असतो; नळी मात्र एकसारखी करता येते. पूर्वी शिकारी शंभर काठ्यांतून दहा निवडत असे, आता कारखाना शंभर सारख्याच नळ्या देऊ लागला. निवडीचे काम हातांकडून तक्त्याकडे गेले. तरीही सरळपणा, जुळणारा ताठरपणा, पुढचे वजन, स्थिर पिसे आणि धारदार पाते या पाच कसोट्या आजच्या बाणालाही लागू आहेत आणि त्या पाचही इशीच्या कृतीत अंतर्भूत होत्या.

७. साधनांची चिकित्सा

वरील विवेचनातून इशीच्या ज्ञानाचा गौरव होतो, पण एवढ्यावर थांबणे इतिहासाच्या शिस्तीला धरून होणार नाही. इशीविषयी आपल्याला जे माहीत आहे ते जवळजवळ सर्व इतरांनी लिहिलेले आहे. पोप आणि इशी यांच्यातील संभाषण तुटक इंग्रजी, थोडे याना शब्द आणि हातवारे यांवर चालत असे. जे हाताने दाखवता येते ते या मार्गाने पोचले. परंतु विशिष्ट लाकूड का, विशिष्ट पक्षी का, बाणांवरील रंगीत पट्ट्यांचा अर्थ कोणता, यामागील कल्पनाविश्व पूर्णतः पोचले असेल असे म्हणता येत नाही. शिकारीपूर्वी इशी तंबाखू व मासे वर्ज्य करीत असे. पोप यांनी ही गोष्ट नोंदवली, मात्र बाणाच्या गुणवत्तेच्या चर्चेत तिला स्थान दिले नाही. इशीच्या मनात चांगला बाण आणि शिकाऱ्याचा आचार या दोन वेगळ्या बाबी होत्या का, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो.

पोप यांचे प्रयोगही आजच्या कसोटीवर पारखून घेतले पाहिजेत. खोक्यातील यकृत म्हणजे जिवंत प्राणी नव्हे. त्यात बरगड्या नसतात. ऑब्सिडियन कापते उत्तम, पण हाडावर आदळले तर फुटते. पोलाद थोडे कमी कापते, पण टिकते आणि पुन्हा धार लावता येते. तेव्हा ‘दगड पोलादापेक्षा श्रेष्ठ’ असा सरसकट निष्कर्ष त्या प्रयोगातून निघत नाही. विशिष्ट कामासाठी विशिष्ट द्रव्य सरस, एवढेच तो सिद्ध करतो.

याहून गंभीर प्रश्न नैतिक आहे. १९१४ मध्ये क्रोबर, वॉटरमन व पोप हे इशीला त्याच्याच डियर क्रीकच्या प्रदेशात घेऊन गेले. तेथे त्याने त्यांना शिकारीच्या पद्धती, वनस्पती व स्थळांची नावे दाखवली. आपल्या आप्तांच्या मृत्यूच्या भूमीवर त्याला नेणे कितपत योग्य होते, असा प्रश्न नंतरच्या वाचकाला पडल्यावाचून राहत नाही. २५ मार्च १९१६ रोजी क्षयाने इशीचे निधन झाले. त्याच्या श्रद्धेचा विचार करून शवविच्छेदन टाळावे, असे क्रोबर यांनी पत्राने कळवले होते. तरीही ते झाले आणि त्याचा मेंदू वेगळा काढून वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवला गेला. तो २००० साली याना लोकांशी नाते असलेल्या समूहांच्या स्वाधीन करण्यात आला. गुरूचे ज्ञान आदराने टिपणाऱ्या संस्थांच्या जगातच गुरूच्या देहाची अशी अवस्था व्हावी, हा विरोधाभास या इतिहासातून वगळता येत नाही.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, शिकारीच्या बाणाची गुणवत्ता ही एकट्या वस्तूची नसून धनुष्य, धनुर्धर, सावज आणि अंतर यांच्याशी असलेल्या तिच्या मेळाची असते. इशीचा ५/१६ इंची बाण आणि पोप यांचा ३/८ इंची बाण हे दोन्ही आपापल्या जागी योग्यच होते. दुसरी, विसाव्या शतकातील संशोधनाने जी तत्त्वे मापनाने सिद्ध केली, त्यांपैकी बरीचशी हस्तकौशल्याच्या रूपाने आधीच अस्तित्वात होती. लेखनाचा अभाव म्हणजे ज्ञानाचा अभाव नव्हे. तिसरी, बाणासारखी उपेक्षित वस्तू स्थलांतर, सोयरिकी आणि अत्याचार यांची साक्ष देऊ शकते.

आपल्याकडील अभ्यासकांसाठी यातून एक व्यावहारिक सूचना निघते. महाराष्ट्रात भिल्ल आदी समाजांत धनुष्यबाणाची परंपरा आहे आणि पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयासारख्या ठिकाणी आदिवासींच्या वस्तू जतन केल्या आहेत. अशा वस्तूंचे वर्णन करताना ‘बाण, लाकूड व लोखंड’ एवढी नोंद पुरेशी नाही. कोणते झाड, कोणत्या ऋतूत तोडले, काठी कशी वाळवली, पीस कोणत्या पक्ष्याचे, पाते कोणत्या लोहाराचे, हे प्रश्न करणाऱ्या माणसालाच विचारले पाहिजेत आणि त्याच्याच शब्दांत उतरवून घेतले पाहिजेत. महाविद्यालयांच्या परिसरातील वृद्ध कारागीर हयात आहेत तोपर्यंतच हे काम होऊ शकते.

इशीच्या अंत्यसंस्काराच्या वेळी त्याच्या देहाबरोबर धनुष्य, ओकच्या फळांचे पीठ, शिंपल्यांच्या मण्यांचे धन, तंबाखू, ऑब्सिडियनचे काही कपचे आणि पाच बाण ठेवण्यात आले. संग्रहालयासाठी केलेले त्याचे बाण आज अभ्यासकांना पाहता येतात, मोजता येतात. हे पाच मात्र त्याच्याबरोबर अग्नीत गेले.